बोलण्यासाठी जागा : परतूर १९३७ आणि नंतर

मनमाडहून हैदराबादकडे जाणाऱ्या रेल्वेवर जालना मागे पडले की परतूर येते, मग सेलू, मानवत रोड आणि परभणी. १९३७ साली या मार्गावर निजामाच्या रेल्वेची मीटर गेज गाडी धावत होती आणि परतूर परभणी जिल्ह्यात होते. त्या वर्षी तिथे हैदराबाद संस्थानातल्या मराठी माणसांची पहिली महाराष्ट्र परिषद भरली. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. हे आडनाव नानलपेठेमुळे परभणीकरांच्या तोंडी आजही रोज असते, पण नानल कशाचे अध्यक्ष होते असे विचारले तर सांगणारे थोडे सापडतील.

परतूरला जे झाले त्याला बंड म्हणता येणार नाही. ठराव झाले, भाषणे झाली, लोक आपापल्या गावी परतले. तरी मराठवाड्याच्या राजकीय इतिहासात मी परतूरला फार वरचे स्थान देतो. निजामाच्या राज्यात राहून, निजामाच्याच हद्दीत, मराठी माणसांनी एकत्र बसून आपल्या सार्वजनिक प्रश्नांवर बोलण्याची रीतसर जागा मिळवली, ती इथे. पुढच्या अकरा वर्षांत ही जागा कितीतरी वेळा हलवावी लागली. आज एखादा गट मोडला तर मोबाइलवर घटकाभरात दुसरा उभा राहतो. त्या काळी माणसे एका व्यासपीठावरून दुसऱ्यावर न्यायची म्हणजे नोकरी, वकिलीची सनद, घरदार आणि प्रसंगी जीव पणाला लावावा लागे. माणसे हललीही आणि टिकलीही. हे कसे जमले, याचा हा लेख.

हैदराबाद हे लोकसंख्येने देशातले सर्वांत मोठे संस्थान. क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस मैल, १९४१ च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी ६३ लाखांच्या घरात. सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे ते पाच मराठी जिल्हे. राज्यकारभार उर्दूत, कोर्टकचेरी उर्दूत आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतच. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला कचेरीत अर्ज लिहायचा तर परक्या लिपीत लिहावा लागे.

भाषेपेक्षाही मोठी अडचण होती ती बोलण्याचीच. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या सरकारी परिपत्रकामुळे जाहीर सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. परवानगी द्यायची की नाही, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. राजकारणाचा वास जरी आला तरी नकार ठरलेला. वृत्तपत्र काढायचे तरी तीच गत. हैदराबादेत लक्ष्मणराव फाटक १९२० पासून ‘निजाम विजय’ चालवत होते, पण राज्यात राहून छापायचे म्हणजे लेखणी आवरूनच धरावी लागे. मग माणसे भेटायची कुठे? वाचनालयात, गणेशोत्सवाच्या मेळ्यात, कीर्तनात, शाळेच्या स्नेहसंमेलनात. मराठवाड्यातली जुनी वाचनालये आणि खासगी मराठी शाळा यांच्याकडे या नजरेने पाहायला हवे. औरंगाबादची सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा या विद्यादानाच्या संस्था होत्याच, पण चार विचारी माणसांना संशय न येता एका छताखाली बसता येईल अशा जागाही त्याच होत्या.

उघडपणे राजकारण बोलायचे तर हद्द ओलांडावी लागे. हैदराबाद संस्थानाची राजकीय परिषद आधी हद्दीबाहेरच भरत आली : १९२३ साली काकीनाड्याला, काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून, मग मुंबईला, १९२८ साली पुण्याला न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखाली आणि १९३१ साली अकोल्याला रामचंद्र नाईकांच्या अध्यक्षतेखाली. प्रश्न हैदराबादचे, प्रजा हैदराबादची आणि चर्चा मात्र पुण्या-अकोल्याच्या मांडवात! तिथे बोलणे मोकळे होते हे खरेच. पण जिंतूर किंवा पाथरीच्या बाजूचा शेतकरी रेल्वेभाडे खर्चून अकोल्याला कसा जाणार? तिथे पोहोचत होते वकील, सावकार, शिक्षक आणि शहरातले कार्यकर्ते. केळकरांसारख्या नामवंतामुळे परिषदेला वजन येई, पुण्याच्या वृत्तपत्रांत ठरावही छापून येत, पण परतल्यावर गावात काही हलत नसे. ज्यांच्याबद्दल बोलायचे ते ऐकायला समोर नाहीत, हे या परिषदांचे खरे दुखणे होते.

राज्यातल्या राज्यात बोलण्याचा एक प्रयत्न १९२१ च्या नोव्हेंबरात हैदराबादला झाला होता. तो मराठी वाचकाने नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्यात आपली बाजू शोभून दिसत नाही. विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम राज्य सामाजिक परिषद भरली होती. विवेकवर्धिनी ही मराठी माणसांनी हैदराबादेत उभारलेली संस्था. तिच्या उभारणीत मोठा वाटा केशवराव कोरटकरांचा आणि ते मूळचे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या, वसमतकडच्या पुरजळचे. परिषदेचे अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. भाषणे इंग्रजी, उर्दू, मराठीत चालली होती. आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील उभे राहिले आणि तेलुगूत बोलू लागले. संस्थानात सर्वांत जास्त लोकांची भाषा तेलुगू. तरी सभागृहातल्या मराठी आणि कानडी श्रोत्यांनी टाळ्या पिटून, हुर्यो करून त्यांना बोलू दिले नाही. तेलुगू मंडळी उठून गेली आणि त्याच रात्री एकत्र बसून त्यांनी स्वतःचा आंध्र जनसंघ स्थापन केला. त्याची पुढे आंध्र महासभा झाली. १९३० साली जोगीपेठला तिचे पहिले अधिवेशन सुरवरम प्रताप रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली भरले.

व्यासपीठ कधी सरकारी बंदीने मोडते, तर कधी आपल्याच माणसाला बोलू न दिल्याने. विवेकवर्धिनीतली ती हुर्यो संस्थानाच्या राजकारणाला महागात पडली. सर्व भाषांच्या प्रजेचे एकच घर होण्याची संधी गेली आणि पुढे तेलुगू, मराठी आणि कानडी अशी तीन वेगवेगळी घरे झाली. त्यातले मराठी घर म्हणजे परतूरला जन्मलेली महाराष्ट्र परिषद. आंध्र महासभेनंतर सात वर्षांनी आपण जागे झालो.

१९३७ हे साल तसे अनुकूल होते. ब्रिटिश हिंदुस्थानात प्रांतिक निवडणुका होऊन मुंबई इलाख्यात आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. पैनगंगेच्या पलीकडे लोकांचे सरकार आणि अलीकडे सभेलाही बंदी, हा फरक हिंगोली-कळमनुरीकडच्या माणसाला डोळ्यांनी दिसत होता. इकडे निजामाने सर अकबर हैदरींना पंतप्रधान केले, राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव साजरा झाला आणि सुधारणा सुचवण्यासाठी दिवाणबहादूर अरवमुदु अय्यंगार यांची समिती नेमली गेली. सरकार ऐकायला तयार आहे, असे निदान दिसत तरी होते. आपले म्हणणे संघटितपणे मांडायचे तर संघटना हवी, हे सगळ्यांना पटले.

परतूरच का, असा प्रश्न मनात येतो. परिषदेची पुढची ठिकाणे पाहिली की मला त्याचे उत्तर नकाशावर दिसते. परतूर, लातूर, उमरी, औरंगाबाद, सेलू ही सगळी रेल्वेस्टेशनची गावे. औरंगाबाद सोडले तर तेव्हा यातले एकही जिल्ह्याचे ठिकाण नव्हते. व्यापारी पेठेची ही गावे मध्यम आकाराची. कापसाच्या आणि धान्याच्या व्यवहारामुळे माणसांची ये-जा कायम, त्यामुळे चार परगावचे पाहुणे उतरले तरी कुणाच्या डोळ्यांत खुपू नये. मांडव घालायला, जेवणावळ उठवायला समर्थ अशी चार घरे गावात असतात आणि कलेक्टर, पोलीस सुपरिंटेंडेंट यांचे बंगले जरा दूर असतात. ज्यांनी ही ठिकाणे निवडली त्यांना आपल्या मुलखाची पक्की जाण होती. पुण्याच्या सभेला न जाणारा माणूस परतूरला येऊ शकत होता, कारण सकाळी गाडीत बसले की दुपारी मांडवात.

परिषदेच्या ठरावांचे विषय सरकारला न दुखवणारे असत : मातृभाषेतून शिक्षण, शाळांची आणि वाचनालयांची वाढ, शेतकऱ्यांच्या अडचणी, नागरी स्वातंत्र्य. यातला शेवटचा विषय दिसायला साधा, पण ‘गश्ती’वर बोट ठेवणारा. सावध भाषेत बोलायचे आणि दर परिषदेला एक पाऊल पुढे टाकायचे, अशी ही चाल होती. पहिल्या पिढीच्या वकिलांना ती मानवत होती. तरुणांना ती मानवेना.

१९३८ साली लातूरला दुसरे अधिवेशन झाले आणि परिषदेचा चेहरा बदलला. सरचिटणीसपद आले स्वामी रामानंद तीर्थांकडे. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीला १९०३ मध्ये जन्मलेले. आधी हिप्परग्याच्या आणि मग अंबाजोगाईच्या शाळेत मुख्याध्यापक. कानडी मुलखात जन्मलेला हा संन्यासी मराठी मुलखात शाळा चालवत होता आणि आता त्याने शाळा सोडून राजकारणाला पूर्ण वाहून घेतले. तोवर परिषद म्हणजे वर्षातून एकदा भरणारा मांडव होता. स्वामीजींनी तिला बाराही महिने चालणारे काम बनवले : गावोगाव फिरणे, शाळांतल्या शिक्षकांशी आणि मुलांशी संबंध ठेवणे, पत्रव्यवहार चालू ठेवणे. पुढच्या संकटात हेच कामी आले.

त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने ठरवले होते की संस्थानातल्या प्रजेने आपल्या लढ्यासाठी आपली स्वतंत्र संघटना उभी करावी. हैदराबादेत त्याप्रमाणे हालचाल सुरू झाली. तेलुगू, मराठी, कानडी कार्यकर्ते पुन्हा एकदा एकत्र आले, तात्पुरती समिती झाली, सभासद नोंदणी सुरू झाली. नाव ठरले हैदराबाद स्टेट काँग्रेस. ध्येय ठेवले निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती, म्हणजे लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींना उत्तरदायी सरकार. मागणी इतकी सौम्य होती. तरीही सर्वसाधारण सभा भरण्याच्या तोंडावर, ७ सप्टेंबर १९३८ रोजी, सरकारने संघटना जन्मायच्या आतच बेकायदा ठरवली. कारण सांगितले ते असे, की ही जातीय संघटना आहे आणि तिची नाळ बाहेरच्या पक्षाशी जोडलेली आहे.

२४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचे नेते गोविंदराव नानल, परतूरच्या सौम्य परिषदेचे तेच अध्यक्ष. त्यांच्याबरोबर रावी नारायण रेड्डी, रामकिशन धूत, जनार्दनराव देसाई आणि श्रीनिवासराव बोरीकर होते. एक मराठी वकील, एक तेलुगू जमीनदाराचा मुलगा जो पुढे तेलंगणातला कम्युनिस्ट नेता झाला, एक मारवाडी, एक कानडी आणि पुन्हा एक मराठी. विवेकवर्धिनीत जे तुटले होते ते तुरुंगाच्या दारात पुन्हा जोडले गेले. तीनच दिवसांनी, २७ तारखेला, स्वामीजींची तुकडी गेली आणि त्यांना दीड वर्षाची सजा झाली. पण त्याच सुमारास आर्यसमाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह चालू होते. तिन्ही चळवळी लोकांच्या मनात एकमेकींत मिसळू लागल्या. स्टेट काँग्रेस जातीय असल्याच्या सरकारी आरोपाला त्यामुळे आयतेच बळ मिळत होते. गांधीजींच्या सल्ल्याने २४ डिसेंबरला सत्याग्रह मागे घेतला गेला.

आता खरा प्रश्न उभा राहिला. संघटना बंदीत, नेते तुरुंगात, लढा थांबलेला. नोंदवलेले सभासद मात्र शाबूत. त्यांनी भेटायचे कुठे?

उत्तर जवळच होते. महाराष्ट्र परिषदेवर बंदी नव्हती, आंध्र महासभेवर आणि कर्नाटक परिषदेवरही नव्हती. स्टेट काँग्रेसची माणसे आपापल्या भाषेच्या परिषदेत परतली आणि तेथून काम करू लागली. सरकारलाही हे दिसत होते. काशीनाथराव वैद्यांसारखी नेमस्त मंडळी बंदी उठवण्यासाठी वाटाघाटी करत राहिली. ‘काँग्रेस’ शब्द खुपत असेल तर तो सोडतो, ‘हैदराबाद नॅशनल कॉन्फरन्स’ नाव घेतो, इथपर्यंत तडजोड झाली. सरकारने तेही नाकारले. म्हणजे आक्षेप नावाला नव्हता, प्रजेने एकत्र येण्यालाच होता. १९४० साली स्वामीजींनी निवडक सहकाऱ्यांसह वैयक्तिक सत्याग्रह केला आणि ते पुन्हा आत गेले. १९४२ च्या ऑगस्टात पुन्हा.

नेते असे आत-बाहेर करत असताना परिषद चालू राहिली, याचे श्रेय दुसऱ्या फळीला आहे. परिषदेत दोन प्रवाह होते. एक वैद्य वगैरेंचा : सनदशीर मार्गाने, मिळेल ते पदरात पाडून पुढे जाणारा. दुसरा स्वामीजी, गोविंदभाई श्रॉफ आणि तरुणांचा : लढ्याशिवाय काही मिळणार नाही असे मानणारा. अध्यक्ष कोण, कार्यकारिणीत कोण, ठरावातला शब्द कोणता, यावर चुरशीच्या लढती होत. अनंत भालेरावांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात हे सगळे आतून पाहिलेल्या माणसाच्या तपशिलाने आले आहे. मला या भांडणांचे महत्त्व फार वाटते. ज्या राज्यात निवडणूक म्हणजे काय हे प्रजेला ठाऊक नव्हते, तिथे परिषदेच्या मांडवात लोक मते मोजायला, हरायला आणि हरूनही पुढच्या अधिवेशनाला यायला शिकले. सेलूच्या मांडवात बसलेल्या शिक्षकाला लोकशाहीचा पहिला धडा तिथे मिळाला. स्वातंत्र्यानंतर मराठवाड्यात सहकार, शिक्षणसंस्था, नगरपालिका यांत पुढे आलेली कितीतरी माणसे याच मांडवात घडली.

चर्चेचे आणखी एक ठिकाण असेच हलत राहिले, ते कागदावरचे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ साप्ताहिक सुरू केले. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली. बंदी असते ती नावावर. म्हणून वाघमाऱ्यांनी नवे नाव घेतले आणि अंक काढला. त्यावर बंदी आली की आणखी एक नाव. डोक्यावरचे नाव बदले, आतला मजकूर, लिहिणारे आणि वाचणारे तेच. पोस्टाने येणारे बंडल पकडले जाईल म्हणून अंक हातोहात फिरत. एकाने वाचला की तो दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून शेजारच्या गावी. नवे नाव पाहून वाचक गोंधळत नसे, कारण कोणत्या हातून अंक येतो हे त्याला माहीत असे. वर्गणीदार टिकवणे म्हणजे काय असते ते इथे पाहावे. ‘मराठवाडा’ पुढे दैनिक झाले आणि अनंतराव भालेराव त्याचे संपादक झाले.

विद्यार्थ्यांची कहाणी तर आणखी धाडसाची. १९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. मुलांनी ती मानली नाही. उस्मानिया विद्यापीठाने शेकडो मुलांना काढून टाकले आणि राज्यातले शिक्षणाचे दार बंद झाले. तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडले. कुलगुरू होते तु. ज. केदार. मराठी आणि तेलुगू मुले बिऱ्हाड पाठीवर घेऊन नागपूरला, वऱ्हाडातल्या महाविद्यालयांत गेली. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच चळवळीतून बाहेर पडून नागपूरला शिकले. ही मुले अशी राज्याबाहेर गेली, पण त्यांच्यातला लढा तुटला नाही. उलट बाहेर गेलेली हीच मुले पुढे सीमेवर उभी राहिली.

या सगळ्या कौतुकात एक गोष्ट झाकून चालणार नाही. परिषदेच्या मांडवात कोण नव्हते? दलित जवळजवळ नव्हते. त्यांचे प्रश्न परिषदेच्या ठरावांत आले तरी वाक्यापुरते. म्हणून त्यांनी स्वतःची जागा निर्माण केली. ३० डिसेंबर १९३८ रोजी, स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह थांबून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा कन्नडजवळच्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी मराठवाड्यातली दलित परिषद भरवली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला हजर राहिले. परतूर आणि मक्रणपूर ही दोन्ही नावे मराठवाड्याच्या इतिहासात शेजारीशेजारी लिहिली पाहिजेत. मुसलमानही परिषदेत फार थोडे होते. भाषेवर उभ्या राहिलेल्या संघटनेत उर्दू बोलणाऱ्याला शिरकाव कठीणच. स्टेट काँग्रेसमध्ये मात्र सिराजुल हसन तिरमिझी यांच्यासारखे नेते होते, आणि उर्दू ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना रझाकार या निजामसमर्थक सशस्त्र संघटनेविरुद्ध लिहिल्याबद्दल २२ ऑगस्ट १९४८ रोजी जीव गमवावा लागला. भाषेच्या परिषदेत आश्रय घेतला त्यामुळे लढा जगला हे खरे. त्या आश्रयाची किंमत म्हणून लढ्याचा पाया अरुंद झाला, हेही तितकेच खरे.

३ जुलै १९४६ रोजी बंदी उठली. आठ वर्षे तीन घरांत वाटून राहिलेली माणसे पुन्हा एका घरात आणायची होती आणि हे काम बंदीच्या काळाइतकेच अवघड ठरले. आंध्र महासभा १९४४ च्या भोंगीर अधिवेशनात फुटली होती. कम्युनिस्टांनी ती ताब्यात घेतली होती आणि राष्ट्रवादी गट वेगळा झाला होता. महाराष्ट्र परिषदेतले दोन प्रवाह तर होतेच. आंध्र महासभेचा राष्ट्रवादी गट, महाराष्ट्र परिषद आणि कर्नाटक परिषद स्टेट काँग्रेसमध्ये विसर्जित झाल्या. अध्यक्षपदासाठी स्वामी रामानंद तीर्थ आणि बुर्गुल रामकृष्णराव यांच्यात लढत झाली आणि स्वामीजी अगदी थोड्या मतांनी निवडून आले. नवे घर एक झाले, पण आतल्या भिंती तशाच राहिल्या. तरी एक गोष्ट नोंदवावी : हरलेला गट घर सोडून गेला नाही. १९४७ च्या जूनमध्ये हैदराबादच्या मुशीराबाद मैदानावर स्टेट काँग्रेसचे पहिले खुले अधिवेशन भरले. ज्या शहरात १९३८ साली साधी सर्वसाधारण सभा होऊ शकली नव्हती, तिथे आता हजारोंचा समुदाय बसला होता.

हे सुख दोन महिनेही टिकले नाही. निजामाने स्वतंत्र राहण्याचे ठरवले, ७ ऑगस्टला हिंदी संघराज्यात सामील होण्याची मागणी करणारा दिवस पाळला गेला आणि अटकसत्र सुरू झाले. स्वामीजी पुन्हा तुरुंगात. कासीम रझवीचे रझाकार गावागावांत शिरले. आता बोलायला राज्यात कुठेच जागा उरली नाही. संघटना पुन्हा हद्दीबाहेर गेली. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली कृती समिती बाहेरून काम पाहू लागली. सीमेवर छावण्या उभ्या राहिल्या. परभणी आणि नांदेडकडच्या कार्यकर्त्यांसाठी पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड हा आधार होता. उमरखेडची छावणी त्यातली फार महत्त्वाची. हजारो कुटुंबे नदी ओलांडून पलीकडे गेली. मागे घरे, जनावरे, उभी पिके राहिली. वर्षानुवर्षे ठरावांची भाषा बोलणारी माणसे छावणीत बंदूक चालवायला शिकली. वसमतच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले आहे ते हुतात्मा बहिर्जी शिंदे याच लढ्यात पडले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला.

१९२३ ते १९४८ अशा पंचवीस वर्षांत ही मंडळी काकीनाडा, पुणे, अकोला, परतूर, तुरुंग, सेलू, मुशीराबाद आणि उमरखेड अशी फिरत राहिली. दर वेळी काही माणसे वाटेत गळाली. कुणी थकले, कुणी सरकारी सवलतीवर समाधान मानले, कुणी दुसऱ्या पक्षात गेले. तरी जे उरले ते उरले कसे, याचे माझे उत्तर असे : परिषद म्हणजे मांडव नव्हे आणि नावाची पाटीही नव्हे, हे त्यांना कळले होते. गावातला एक शिक्षक, एक वकील, एक दुकानदार एकमेकांना नावानिशी ओळखत होते आणि एकमेकांवर विश्वास टाकत होते. निरोप कुणाच्या हातून आला यावर ते हलत. सरकारला पाटी उतरवता आली, ओळखी पुसता आल्या नाहीत. आणि ही ओळख घडवली वर्षानुवर्षे चाललेल्या शाळांनी, वाचनालयांनी आणि कंटाळवाण्या वाटणाऱ्या कार्यकारिणीच्या बैठकांनी. लढ्याच्या इतिहासात आपण गोळीबार आणि छावण्या सांगतो. बैठका सांगत नाही. त्या सांगायला हव्यात.

परतूर १ मे १९८१ रोजी नव्या जालना जिल्ह्यात गेले. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला आणि पुरजळही परभणीच्या नकाशातून गेले. जिल्ह्याची हद्द बदलली की इतिहासाचे वाटेही होतात. जालन्याचा इतिहास लिहिणारा परतूरकडे नव्या जिल्ह्याच्या नजरेने पाहतो, परभणीचा लिहिणारा ते आपले नाही म्हणून सोडून देतो. परिषदेचे कागद तर त्याहून विखुरलेले. निमंत्रणपत्रिका, ठरावांच्या छापील प्रती, वर्गणीच्या पावत्या, नाव बदलून आलेले साप्ताहिकाचे अंक यातले बरेच काही परतूर, सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर, वसमतच्या जुन्या वाड्यांत ट्रंकेच्या तळाशी अजून असणार. वाडे पडत आहेत, आणि रद्दीवाला वजनावर भाव करतो, मजकुरावर नाही. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कुणी वकील, शिक्षक किंवा व्यापारी असेल, कुणी १९३७ ते ४८ च्या काळात तुरुंगात किंवा वऱ्हाडात गेले असेल, तर घरातली ती ट्रंक एकदा उघडून पाहा. जे सापडेल ते गावच्या वाचनालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला दाखवा. मूळ कागद देववत नसेल तर त्याचे छायाचित्र तरी त्यांच्याकडे द्या.